मेंढरं धुतली त्या दिवशी

जुन्नर तालुक्यात लोक ओझरच्या गणपतीला जातात, किल्ला चढायला जातात, हल्ली द्राक्षाच्या मळ्यात उभं राहून फोटो काढायलाही जातात. आम्ही तिघं गेलो ते एक मुका मेंढपाळ शोधायला. तो सापडणार नव्हताच. नारायणगाव सोडून निमगाव सावाकडे वळलो तेवढ्या रस्त्यात आम्हाला चार कळप आडवे गेले आणि चारही कळपांमागची माणसं अखंड बोलत होती. एक जण मोबाइलवर भावाशी भांडत होता आणि रिकाम्या हाताने आम्हाला हॉर्न वाजवू नका म्हणून खुणावत होता. पण आमच्या पटकथेचं नाव ‘मौनाचा कळप’ असं ठरून गेलं होतं, तेव्हा बदलायचं ते त्या माणसांनी.

पटकथा कौस्तुभची. आमच्या सिनेमाच्या वर्गात तो दिग्दर्शन शिकतो, समीर कॅमेरा आणि मी ध्वनी. कौस्तुभ कोथरूडचा. त्याला मेंढी आणि शेळी यांतला फरक मी कँटीनमध्ये चहाच्या कपावर पेनाने चित्र काढून समजावला. मी चिपळूणची, आमच्याकडेही मेंढ्या नाहीत, पण आम्हाला निदान विचारायची लाज वाटत नाही. कौस्तुभने कोणालाही काही न विचारता दोन महिने संशोधन केलं. त्यातून निघालं ते असं: एक वृद्ध मेंढपाळ आहे, तो कोणाशी बोलत नाही, कळप माळावरून चालतो, शेवटी तो डोंगरमाथ्यावर एकटा उभा राहतो आणि बासरी वाजते. वाजवतो कोण, हे पटकथेत नव्हतं.

मी तरीही गेले, कारण मला पर्याय नव्हता. मागच्या वर्षी माझ्या प्रकल्पात पूर्ण मुलाखतभर पंख्याची घरघर आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं, “तुम्हाला स्वतःला ऐकू येतं ना?” आणि नापास केलं. या वर्षी पुन्हा नापास झाले तर अभ्यासक्रमातून बाहेर. वडिलांनी फोनवर शांतपणे सांगून ठेवलं होतं की पाइपांच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवाच आहे. तेव्हा बासरी असो की ताशा, माझा ट्रॅक आरशासारखा स्वच्छ पाहिजे, एवढा एकच निश्चय करून मी गाडीत बसले.

निमगाव सावा, पहिला दिवस

मुक्काम वारूळवाडीत, ओळखीतल्या एकांच्या रिकाम्या फ्लॅटवर होता. तिथल्या खाणावळीत आदल्या दिवशी मासवडी आहे म्हटल्यावर माझ्या कोकणी जिभेला पाणी सुटलं. ताटात आली ती बेसनाची, आत तीळ-खोबरं भरलेली वडी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. माशाचा त्यात फक्त आकार. मालकीणबाईंना मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, “आकार हाय ना? मंग खा.” मी तीन वाट्या रस्सा प्यायले. या भागातली माणसं वाद घालत नाहीत, वाढतात.

किसनतात्या आम्हाला समीरच्या मामांच्या ओळखीने मिळाले होते. साठीचे, काटक, साठ-सत्तर मेंढरं, गावात पक्कं घर आणि दोन एकर कांदा. मेंढरं काढणी झालेल्या रानात बसवलेली. तात्यांच्या अंगात पँट आणि बियाणांच्या कंपनीचा पिवळा टी-शर्ट होता. कौस्तुभचा चेहरा तो टी-शर्ट बघूनच पडला. त्याने पिशवीतून स्वतःच्या आजोबांचं धोतर काढलं.

“ह्ये माझ्या आज्यानं नेसलं आसंल,” तात्या म्हणाले. “मला न्हाई जमायचं राव.”

शेवटी मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हसत हसत ते त्यांना नेसवलं. आणि हसू आवरेना तेव्हा पदर तोंडावर धरून गोठ्यामागे गेल्या.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तात्या आणि मावशी ओढ्याच्या डोहात मेंढरं धूत होते. एकेक मेंढरू धरायचं, पाण्यात ढकलायचं, दोन्ही हातांनी लोकर चोळायची आणि काठाला लावून द्यायचं. काळी, ओली, जाड मेंढरं अंग झाडत उन्हात उभी राहत होती. कौस्तुभ तर नाचायचाच बाकी होता.

“बघ, बघ! आपल्यासाठी आंघोळ घातलीय त्यांनी!”

मला तेव्हा त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही, हे कबूल करते. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे अंगण सारवतात, इथे मेंढरं धूत असतील. आम्ही तिघंही शिकलेले होतो.

मग दिवसभर शूटिंग. सिनेमाचा कणा म्हणजे एक लांबलचक दृश्य होतं: कळप बांध ओलांडून कॅमेऱ्याच्या अंगावर येतो, मधे तात्या, आणि मग कळप पाठमोरा दूर जातो. येण्याचा भाग त्या दिवशी करायचा, जाण्याचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात. मेंढरांनी आपलं काम चोख केलं. तात्या जिभेने एक टकटक आवाज काढायचे आणि अख्खा कळप मान वळवायचा. अडचण होती ती तात्यांचीच. मुक्या मेंढपाळाचं तोंड बंदच होत नव्हतं. कोणत्या मेंढीला कोणाचं वळण, पलीकडच्या उसात बिबट्याने कोणाचं वासरू ओढलं, गेल्या साली पाऊस कसा हुकला. दर टेकला काहीतरी बोलायचेच, आणि दर वेळी आमच्यातलं कोणीतरी त्यांना गप्प करायचं. संध्याकाळी परतताना कौस्तुभ म्हणाला, “इतका बडबडा माणूस मौनाला कसा शोभेल?” मी म्हटलं, “तू ओरडत होतास ना, होतील गप्प.” हे वाक्य माझ्या चांगलं लक्षात आहे.

निमगाव सावा, दुसरा दिवस

सकाळी बांधावरून उतरलो आणि समीरच्या हातून कॅमेऱ्याची तिपाई सुटली.

रानात गोणपाटं अंथरली होती. आठ-दहा बाप्ये मांडी घालून बसले होते, प्रत्येकाच्या पुढ्यात पाय बांधलेलं एक मेंढरू आणि हातात लोखंडी कातर. कचकच आवाज चालला होता. बाजूला काळ्या लोकरीचे ढीग. आणि पलीकडे कालचा आमचा तो भरदार कळप उघडावाघडा, हाडं मोजून घ्यावीत असा उभा होता. कालची एक मेंढी आज निम्मी झाली होती.

“तात्या! हे काय केलंत?” कौस्तुभचा आवाज फाटला.

तात्यांनी वर बघितलं. आज पुन्हा तो पिवळा टी-शर्ट होता. “कातरणी.”

“पण का?”

“का म्हंजी? काल धुतली न्हाई का? धुतल्याव वाळली की लगीच कातरायची. ठिवली तर पुन्हा मातीनं माखत्यात, मंग कातर चालत न्हाई. ह्ये शाळंतलं पोरगंबी सांगंल.”

बसलेल्या मंडळींत हशा पिकला. ती सगळी भावकी होती. या लोकांची रीत अशी की आज तात्यांच्या मेंढरांना सगळ्यांनी लागायचं, परवा दुसऱ्याच्या, तेरवा तिसऱ्याच्या. सगळ्यांचे वार आधीच ठरलेले. चिपळूणला आमच्या शेजाऱ्याची शिडी आणायची तरी आई दोन दिवस विचार करते.

“आम्हाला आधी सांगायला नको?” कौस्तुभ म्हणाला.

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. “सांगितलं व्हतं,” एवढंच म्हणाले आणि पुढचं मेंढरू ओढलं.

कौस्तुभने मला बाजूला घेऊन सांगितलं की गावाकडची माणसं अशीच, आयत्या वेळी काहीतरी करतात आणि वर सांगितलं म्हणतात. मी मान डोलावली. मग त्याने दुसऱ्याचा न कातरलेला कळप आणून तात्यांना त्यात उभं करायची युक्ती काढली. त्यावर एका चुलत्याने कातर खाली ठेवली आणि विचारलं, “दुसऱ्याची मेंढरं ह्याच्या हाकंला येत्यात व्हय?” मावशींनी मात्र जीव तोडून मार्ग काढला. “पावणं, बारा ऱ्हायल्यात अजून. त्या थांबवायच्या का तुमच्यासाठी?”

“बारा मेंढ्यांत कळप होतो का, मावशी?” कौस्तुभ म्हणाला.

मावशींनी पातेलं पुढे ओढलं. आम्हाला बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढली. आम्ही ती तोंड पाडून खाल्ली, आणि तिघांपैकी एकानेही त्या कातरणीवर कॅमेरा लावला नाही. समोर जे चाललं होतं ते पटकथेत नव्हतं. समीर चक्क बॅटऱ्या वाचवत बसला होता. संध्याकाळी तो बोडका कळप पाठमोरा जाताना तेवढा टिपला, कारण जाणं पटकथेत होतं.

आंबेगावचा डोंगर

तिसऱ्या दिवशी शेवटचं दृश्य. त्यासाठी कौस्तुभला धुकं हवं होतं. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याच्या वर डोंगरात धुकं असतं हे त्याने फोटोत पाहिलं होतं. फोटो पावसाळ्यातला होता, आम्ही माघात गेलो. मेंढरं न्यायची की नाही हा प्रश्न उरलाच नव्हता. तात्या आले मात्र. घरी कातरणीचा पसारा टाकून, मेंढरं मावशींच्या गळ्यात घालून, आमच्या शब्दाखातर आले. खांद्यावर स्वतःचं काळं घोंगडं आणि काखेत घडी केलेलं ते धोतर.

वर पोचलो तर सगळीकडे निळसर पांढरं भरून आलेलं. कौस्तुभ धावतच सुटला. मला मात्र नाकालाच कळलं. भाताच्या खाचरांत राब भाजत होते, पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवलेलं. आमच्याकडेही भाजतात. आम्ही डोळे चोळत, खोकत त्या धुक्याचं शूटिंग केलं.

जिचं खाचर होतं ती सोनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने तात्यांना विचारलं, “पावणं कुठलं?”

“निमगाव सावा.”

“मेंढकं का?”

“व्हय.”

“मंग मेंढरं कुठं हायती?”

तात्यांनी कौस्तुभकडे बोट दाखवलं. कौस्तुभने सोनाबाईला सांगितलं की मेंढ्या इथे प्रतीकात्मक आहेत, म्हणजे दिसणार नाहीत पण जाणवतील. सोनाबाईने हे ऐकून घेतलं.

“जाणवू द्या बाबा. पर हितं मेंढरं कोण आणतंय? पावसात खुरं सडत्यात त्यांची.”

मग धोतर नेसलेले तात्या कड्याच्या अलीकडे उभे राहिले. लग्नाच्या चुकीच्या मांडवात शिरलेला माणूस उभा राहतो तसे. पायाखालच्या गवताकडे बघत होते, एक काडी उपटून चावून बघितली आणि थुंकली. टेकच्या मधल्या वेळात सोनाबाई आणि ते घोंगड्याला हात लावून काहीतरी बोलत होते, तेही थांबवावं लागलं, कारण मला वाऱ्याचा स्वच्छ आवाज हवा होता. दुपारी सोनाबाईने नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी दिली. तीन दिवसांत पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं आणि मी तसं तिला म्हटलं. तिने विचारलं, “तुमच्यात बी नाचणी व्हती का?” तेवढ्यात कौस्तुभने हाक मारली आणि मी उत्तर न देता उठले.

पुणे, एडिट

पुण्यात परतल्यावर चित्रं एकापुढे एक लावली. बांध ओलांडून काळाभोर भरगच्च कळप अंगावर येतो. पुढच्याच क्षणी तोच कळप बोडका होऊन पाठमोरा जातो. मागे धूर. मग एक खोकणारा म्हातारा. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ते एकदा पाहिलं आणि काळजीने विचारलं, “मधे यांना काय रोग झाला?”

कौस्तुभने उपाय काढले. सगळं कृष्णधवल करू. दुसरा भाग स्वप्न आहे असं सांगू. बासरी मोठी करू. बाईंनी जाताना सांगितलं की हा सिनेमा असा जमा केला तर तिघंही नापास, आणि सहा दिवस उरलेत. कौस्तुभ आणि समीर पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकत होते. माझ्या डोळ्यांसमोर पाइपांचं दुकान उभं राहिलं. जीआय पाइप डावीकडे, पीव्हीसी उजवीकडे.

म्हणून मी न कापलेले सगळे ट्रॅक पहिल्यापासून ऐकायला बसले. वाटलं, एखादा चांगला वारा सापडेल. निदान ध्वनीचे गुण तरी मिळतील. हेडफोन लावले आणि पहिल्या दिवसाचा डोह सुरू झाला. पाणी, मेंढरं, मावशींच्या बांगड्या. मग तात्या, अगदी माझ्या माइकपाशी.

“पोरी, त्या पावण्याला सांग, उद्या कातरणी हाय...”

“तात्या, शू! रोलिंग आहे.”

तो कौस्तुभचा आवाज नव्हता. माझा होता.

मी पुढे ऐकलं. तिसऱ्या टेकला पुन्हा: “धुतली म्हंजी उद्या कातरायला लागत्यात, मंग तुमचं...” “तात्या, प्लीज. ट्रॅक खराब होतो.” आवाज तोच, जरा वरच्या पट्टीतला. कौस्तुभ तर लांब कॅमेऱ्यापाशी होता, त्याला तात्या ऐकूच जात नव्हते. ऐकू जात होतं ते फक्त मला. कानांवर दोन मोठे हेडफोन लावून, सगळ्या रानात सगळ्यात स्पष्ट. आणि पाचव्या टेकला:

“परवावर ढकलू का कातरणी? मी इनंती करून बघतो भावकीला. तुमचं आडत आसंल तर...”

“तात्या!!”

त्यानंतर त्या दिवसाच्या ट्रॅकवर तात्या नाहीत. नुसती मेंढरं आहेत. ट्रॅक एकदम स्वच्छ आहे.

इतके दिवस मी कौस्तुभला हसत होते. कॉलेजात दहा जणांना मी त्या धोतराची गोष्ट रंगवून सांगितली होती. त्याने निदान ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं, दर शब्दाला मीटरचा काटा हललेला पाहिला होता आणि तो काटा हलतो म्हणूनच चिडले होते. मागच्या वर्षी परीक्षकांनी जे विचारलं ते पंख्यापुरतं नव्हतं असं मला वाटलं. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

पुन्हा निमगाव सावा

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने नारायणगावला उतरले. विचार साधा होता: चित्रं जुळत नाहीत तर नाहीत. तात्यांनी आपल्या तोंडाने सांगावं, मेंढरं धुतात का, कातरतात कशी, पावण्यांनी काय घोळ घातला. त्यांचा आवाज वर राहिला तर धुतलेला कळप आणि कातरलेला कळप एकाच गोष्टीत बसतात. कौस्तुभला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मौन गेलं.” मी म्हटलं, “गेलं.” पुढे त्यानेच परीक्षकांना ही कल्पना समजावून सांगितली, आणि सिनेमा पास झाला, मी ध्वनीत काठावर. परीक्षकांनी सिनेमाच्या सुरुवातीला ठेवलेली ती ‘शू’ कोणाची म्हणून विचारलं तेव्हा मला शाळेतल्यासारखा हात वर करावा लागला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी माझ्याकडे एक रिकामं कार्ड होतं आणि पाच दिवस.

मेंढरांच्या अंगावर बोटभरही लोकर आली नव्हती. मावशींनी पाणी दिलं, चहा दिला, कौस्तुभची चौकशी केली. “त्ये धोतर ऱ्हायलंय त्याचं,” म्हणाल्या. मी तात्यांची माफी मागितली. ते “आसू दे, आसू दे” म्हणाले आणि विषय बदलून सोनाबाईसाठी एक घोंगडं बाजूला ठेवलंय, कोणी तिकडे जाणारं भेटलं की पाठवतो असं सांगत बसले. भरभरून बोलत होते. मी घाईघाईने माइक त्यांच्यापुढे धरला, हेडफोन कानांवर चढवले आणि मशीन चालू केलं.

तात्या गप्प झाले.

मला वाटलं आठवत असतील. मी थांबले. त्यांनी खिशातला मोबाइल काढून बंद केला आणि गोणपाटाखाली ठेवला. कुत्रं कान खाजवत होतं, त्याला हाताने लांब जायला सांगितलं. मावशी चुलीपाशी भांडं सरकवत होत्या, त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मग मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, श्वाससुद्धा बेताने घेत माझ्याकडे बघत बसले. मला काय हवं असतं ते त्यांना आता पाठ झालं होतं. हेडफोनमध्ये लांबवरच्या मेंढरांचं चरणं ऐकू येत होतं. इतका स्वच्छ ट्रॅक मला आयुष्यात मिळालेला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ते जरासे पुढे वाकले आणि अगदी हळू, माझ्या मशीनला त्रास होणार नाही इतक्या हळू म्हणाले, “पोरी, बोलू का आता?”

मी नुसती मान डोलावली. या खेपेला त्यांच्या आवाजावर माझा आवाज यायला नको होता.